सॉल्सबरीला उतरा, पण लगेच स्टोनहेंजची बस पकडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडच्या सहलीवरचा लेख वाचला, छान होता, लंडनचं तर सगळंच आलंय त्यात, पण सॉल्सबरीबद्दल मात्र एकच ओळ होती, की इथे ट्रेनमधून उतरायचं आणि स्टेशनबाहेर स्टोनहेंजची, म्हणजे त्या प्राचीन उभ्या दगडांच्या वर्तुळाची, बस पकडायची. ते वाचून मला राहवेना म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, कापायचं असेल तर खुशाल कापा, फक्त चालण्याचा रस्ता सांगितलाय तेवढा ठेवा कारण तो आमच्या वयाच्या माणसांच्या कामाचा आहे.

मी ६८ वर्षांची, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. आमचे हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले, त्यांना चालायची खूप आवड पण बायपासनंतर डॉक्टरांनी चढ चढायला मनाई केलीय. मुलगी साउथॅम्प्टनला असते, नातवासाठी म्हणून आम्ही दर दोन वर्षांनी जातो आणि चार-पाच महिने राहतो. आता आमच्यासारखे किती आईवडील तिकडे जातात ते तुम्हाला माहितीच आहे, प्रत्येक सोसायटीत दोन तरी घरं सापडतील. आणि तिकडे गेल्यावर होतं काय, की मुलं कामावर जातात आणि आपण दिवसभर घरात, खिडकीतून पाऊस बघत. शनिवार-रविवारी गाडीने कुठेतरी नेतात, तिथे भराभर चालावं लागतं, आपण मागे राहतो, मग पुढच्या वेळी आपणच म्हणतो की तुम्ही जाऊन या, मी थांबते गाडीत. हे "मी थांबते गाडीत" मी फार वेळा म्हटलेलं आहे म्हणून पोटतिडकीने सांगतेय.

सॉल्सबरी आम्ही आधी एकदा "बघितलेलं" होतं, २०१६ ला एका टूर कंपनीबरोबर. स्टोनहेंजवरून येताना बस पार्किंगमधे थांबवली, चाळीस मिनिटं दिली, त्यातली वीस बायकांच्या टॉयलेटच्या रांगेत गेली, उरलेल्या वेळात लांबून तिथल्या कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, कळसाचा फोटो काढला आणि परत बसमधे. पुण्यातल्या सॅलिसबरी पार्कमुळे नाव ओळखीचं, तेवढीच ओळख. (तिथले लोक सॉल्झबरी असं काहीतरी म्हणतात, तिकीट काढताना मी सॅलिसबरी म्हटलं की त्यांना कळायचं नाही.)

यावेळी मे महिन्यात आम्ही दोघंच गेलो, ट्रेनने. साउथॅम्प्टनहून अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, लंडनहून यायचं तर वॉटरलू स्टेशनवरून साधारण दीड तास. मुद्दाम मंगळवार निवडला कारण तिथला बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो, अगदी आपल्या आठवडी बाजारासारखा. राजा तिसरा हेन्री याने १२२७ साली गावाला सनद दिली आणि बाजार त्या काळापासूनचा.

चढ नाही ही पहिली गोष्ट. पूर्ण फेरी चार-पाच किलोमीटरची होईल, आम्ही ती सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत केली, मधे भरपूर बसत बसत, आणि त्यात एकदाही दम लागला नाही. गाव सपाट आहे, आणि ते असं का आहे हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. जुनं गाव इथे नव्हतंच मुळी. ते उत्तरेला तीनेक किलोमीटरवर एका टेकडीवर होतं, ओल्ड सारम म्हणतात त्याला, तिथे किल्ला, आणि किल्ल्याच्या आतच कॅथेड्रल, १०९२ ला बांधून झालेलं. पण वर पाणी कमी, वारा भयंकर, आणि किल्ल्यातल्या शिपायांचं आणि पाद्री लोकांचं पटेना. शेवटी बिशप रिचर्ड पुअर यांनी ठरवलं की खाली नदीकाठच्या कुरणात जायचं, आणि १२२० साली एप्रिलमधे नव्या कॅथेड्रलचा पाया घातला. दंतकथा अशी की टेकडीवरून बाण मारला, तो एका हरणाला लागला, आणि हरीण पळत पळत जिथे पडलं तिथे देऊळ बांधायचं ठरलं. तीन किलोमीटर पळालं बिचारं. पण खरं कारण पाणीच. आमच्या ह्यांनी हे ऐकलं आणि दिवसभर तेच धरून बसले, जिथे तिथे पाणी शोधत होते, आणि खरोखर जिथे तिथे सापडतही होतं.

आता रस्ता सांगते.

स्टेशनवरून बाहेर आलं की फिशरटन स्ट्रीट लागते, दुकानंच दुकानं, दहा-बारा मिनिटात पुलापाशी येतो आपण. पुलावर थांबायचंच. खाली एव्हन नदी आहे, नदी म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या ओढ्याएवढी, पण पाणी इतकं स्वच्छ की तळाचं लांब हिरवं शेवाळ केसांसारखं हलताना दिसतं. चुनखडीच्या टेकड्यांमधून झिरपून पाणी येतं म्हणून ते असं नितळ. या गावाच्या आसपास पाच नद्या एकत्र येतात. आम्ही पुलावर पंधरा मिनिटं होतो, बदकं बघत.

तिथून सरळ गेलं की सेंट थॉमस चर्च, आत जायला तिकीट नाही, आणि बसायला बाक आहेत, त्यामुळे पहिला विसावा इथे घ्या. कॅथेड्रल बांधणाऱ्या कामगारांना प्रार्थनेला जागा हवी म्हणून सुरुवातीला इथे छोटं लाकडी चर्च होतं म्हणतात. आत समोरच्या कमानीवर भिंतभर एक चित्र आहे, जगाच्या शेवटी निवाडा होतो त्याचं. साधारण १४७५ च्या सुमाराचं. १५९३ ला त्याच्यावर चुना फासला, कारण तेव्हा चर्चमधे चित्रं नकोत असं झालेलं, आणि मग सव्वादोनशे वर्षं ते चुन्याखाली, १८१९ ला पहिल्यांदा परत दिसलं. एका बाजूला माणसं कबरीतून उठून वर जातायत आणि दुसऱ्या बाजूला नरकात ओढली जातायत, त्यात एक बाई आहे, हातात सुरई, बिअर विकताना माप कमी द्यायची म्हणून तिला नरक. आणि डोक्यावर बिशपची टोपी असलेला एक माणूसही तिथेच, नरकात. आपल्याकडे लहानपणी भिंतीवर यमलोकाच्या शिक्षांचं कॅलेंडर असायचं ना, तेलाच्या कढया वगैरे, मला तेच आठवलं. माप मारणाऱ्यांचा राग सगळीकडे सारखाच.

बाहेर आलं की बाजार. इथल्या गल्ल्यांची नावं वाचत चालायची, फिश रो, बुचर रो, ओटमील रो, म्हणजे आपली तांबट आळी, भांडी आळी जशी. मधे पोल्ट्री क्रॉस म्हणून दगडी मंडप आहे, इथे कोंबड्या विकायचे, असे चार मंडप होते पूर्वी, हा एकच राहिलाय. मंडपात बसायला दगडी कट्टा आहे. बाजारात आम्ही स्ट्रॉबेरी आणि चीज घेतलं.

इथले रस्ते एकमेकांना बऱ्यापैकी काटकोनात आहेत कारण गाव आखून वसवलेलं, आणि या रस्त्यांमधून पूर्वी पाण्याचे पाट वाहायचे. खरंच, रस्त्याच्या मधोमध उघडे पाट, नदीचं पाणी आणलेलं, लोक याला इंग्लंडचं व्हेनिस म्हणायचे. दिसायला सुंदर असेल पण त्याच पाण्यात सगळी घाण जायची, आणि १८४९ ला कॉलऱ्याची साथ आली त्यात जवळजवळ दोनशे माणसं गेली एवढ्याशा गावात. तिथले एक डॉक्टर होते, मिडलटन नावाचे, ते मागे लागले की हे पाट बुजवा आणि बंद गटारं करा. विरोध झाला पण शेवटी त्यांचंच खरं झालं, १८५० नंतर पाट गेले. आणि बुजवताना तळातून काय काय निघालं, शेकडो वर्षांत पडलेल्या चाव्या, कात्र्या, चमचे, यात्रेकरूंचे बिल्ले, ते सगळं तिथल्या म्युझियममधे ठेवलंय. ह्यांनी नोकरीत असताना गावोगावच्या पाणी योजना जवळून बघितल्यात त्यामुळे डॉक्टर मिडलटनचं नाव त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

बाजारापासून हाय स्ट्रीटने दक्षिणेला गेलं की समोर एक जुनी दगडी वेस येते, हाय स्ट्रीट गेट, चौदाव्या शतकातली. वेशीच्या आत क्लोज. आता क्लोज म्हणजे काय तर कॅथेड्रलच्या भोवतीचं तटबंदीच्या आतलं आवार, ८० एकरांचं, ब्रिटनमधे एवढं मोठं दुसरं नाही. आत लोक राहतात, शाळा आहे, आणि अजूनही रात्री ११ वाजता वेशी बंद होतात. हा तट बांधायला वरच्या जुन्या कॅथेड्रलचे दगड आणले. एक्सेटर स्ट्रीटच्या बाजूने तट बघितला तर साध्या दगडांमधे मधेच नक्षीचा दगड दिसतो, उलटासुलटा बसवलेला, तो वरच्या देवळातला. आपल्याकडे गावातल्या घराच्या जोत्यात जुन्या देवळाचा कोरीव दगड दिसतो तसंच. ही गोष्ट वाट वाकडी करून बघण्यासारखी आहे.

वेशीतून आत गेल्यागेल्या डाव्या हाताला लाल विटांची लांब इमारत, १६८२ ची, बिशप सेथ वॉर्ड यांनी पाद्र्यांच्या विधवांसाठी बांधलेली. हे बिशप आधी ऑक्सफर्डला खगोलशास्त्राचे प्रोफेसर होते. नवरा गेला की पाद्र्याच्या बायकोचं घर जायचं, कारण घर चर्चचं, म्हणून ही सोय. मी तिथे जरा वेळ उभी राहिले. १६८२ म्हणजे आपल्याकडे संभाजी महाराजांचा काळ.

पुढे हिरवळ आणि त्याच्या कडेने घरं, त्यातलं माँपेसन हाऊस १७०१ चं, आत जाता येतं, बाग फार शांत आहे. त्याच आवारात एडवर्ड हीथ हे माजी पंतप्रधान शेवटची वीस वर्षं राहायचे, तेही घर बघता येतं, आम्ही नाही गेलो.

आणि मग घरं संपतात आणि एकदम समोर हिरवळीच्या मधोमध ते कॅथेड्रल उभं राहतं. मी फोटो शंभरदा बघितले होते तरी पाय थांबले. उंची १२३ मीटर, ब्रिटनमधला सगळ्यात उंच चर्चचा कळस. भोवती एकही कबरीचा दगड नाही, नुसतं गवत. ते अठराव्या शतकाच्या शेवटी जेम्स वायट नावाच्या आर्किटेक्टने साफ केलं, त्यात त्याने जुना घंटाघराचा मनोराही पाडला, त्याबद्दल लोक अजून हळहळतात, पण मोकळेपणा आला तो त्याच्यामुळेच.

त्या गवतावर एक पुतळा आहे त्याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. मेरीचा पुतळा, येशूच्या आईचा, एलिझाबेथ फ्रिंक या शिल्पकार बाईंनी १९८१ ला केलेला. पण ती नेहमीसारखी बाळाला घेऊन बसलेली तरुण मेरी नाही. उतारवयाची, किडकिडीत, ब्राँझची बाई आहे, साधारण माणसाएवढ्याच उंचीची, चौथऱ्यावर नाही तर जमिनीवरच, आणि ती चालतेय, लांब पावलं टाकत, आणि कॅथेड्रलकडे पाठ करून गावाच्या दिशेने. म्हणजे सगळे आत जात असतात आणि ती बाहेर निघालेली. मुलगा गेलेला, दुःख होऊन गेलेलं, आणि ही बाई कामाला निघालीय. मी तिच्या बाजूने चार पावलं चालून बघितलं. आमच्या गावाकडे माझी आजी भल्या पहाटे शेतावर निघायची, पदर खोचून, कोणाशी न बोलता, तिची चाल हुबेहूब अशी होती. टूरमधे आलो तेव्हा याच पुतळ्याजवळून गेलो असणार, मला काही आठवत नाही.

कॅथेड्रलला तिकीट आहे, आणि माझ्या मते द्यावं. आत जवळजवळ सगळं सपाट आहे. मनोऱ्यावर जायची टूर असते ती ३३२ पायऱ्यांची, ती आपल्यासाठी नाही, सोडून द्या. मुख्य इमारत ३८ वर्षांत बांधून झाली, १२५८ पर्यंत, म्हणून सगळी एकाच हाताची वाटते, बाकी ठिकाणी दोन-दोनशे वर्षं काम चालायचं त्यामुळे ठिगळं दिसतात. कळस नंतरचा, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि त्याचं आणि मनोऱ्याचं वजन साडेसहा हजार टन, जे मुळात धरलेलंच नव्हतं. मधल्या चार मोठ्या खांबांपाशी उभं राहून वर बघितलं तर खांब वाकलेले साध्या डोळ्यांना दिसतात! १६६८ मधे क्रिस्टोफर रेन, म्हणजे लंडनचं सेंट पॉल्स ज्यांनी बांधलं ते, येऊन मोजून गेले, कळस पाऊण मीटरच्या आसपास कललेला आहे. आणि पाया किती, तर जेमतेम चार फूट. खाली वाळू-गोट्यांचा थर आणि त्यात पाणी.

तिथे फिरून माहिती सांगणारे एक आजोबा होते, ह्यांनी पायाबद्दल विचारल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आम्हाला फरशीतलं एक छोटं झाकण दाखवलं. ते उचलून आत काठी सोडून पाण्याची पातळी बघतात. म्हणजे आपण उभे आहोत त्या फरशीच्या खाली थोड्याच अंतरावर पाणी, आणि वर १२३ मीटर दगड. ह्यांनी आयुष्यभर विहिरींची पातळी मोजलेली, त्या दोघांची भाषा फारशी जुळत नव्हती पण अर्धा तास हातवारे करत बोलत होते.

मी तोवर पाण्याच्या कुंडापाशी बसले. विल्यम पाय यांनी केलेलं, २००८ चं नवीन आहे, पण असं वाटतं की नेहमीच इथे असावं. पाणी काठोकाठ, हलत नाही असं वाटतं आणि चार कोपऱ्यांतून सारखं खाली पडत असतं, आणि सगळी कमान, खिडक्या, त्यात उलट्या दिसतात. जवळच जुनं घड्याळ आहे, १३८६ च्या सुमाराचं, त्याला तबकडीच नाही. चाकं, दोर आणि वजनं, फक्त तास ठोकायचं. जगातल्या सगळ्यात जुन्या चालू घड्याळांपैकी हे एक मानतात.

चॅप्टर हाऊस म्हणून अष्टकोनी दालन आहे तिथे मॅग्ना कार्टा ठेवलाय, म्हणजे राजाच्या सत्तेला कायद्याची मर्यादा घालणारी सनद, १२१५ ची, त्याच्या मूळ चार प्रती उरल्यात, दोन लंडनला, एक लिंकनला, एक ही. मेंढीच्या कातड्यावर बारीक बारीक लॅटिन. वाचता येत नाही तरी बघत राहावंसं वाटतं, कारण त्यात ते वाक्य आहे, की कुठल्याही स्वतंत्र माणसाला देशाच्या कायद्याशिवाय पकडता येणार नाही. आपल्या घटनेतलं एकविसावं कलम मुलांना शिकवताना मी किती वर्षं फळ्यावर लिहिलं, त्याच्या नात्यातला एवढा जुना कागद समोर बघून मला भरून आलं. दालनाच्या भिंतीवर गोल फिरत दगडात बायबलमधल्या गोष्टी कोरल्यात, नोहाची नाव, जोसेफ आणि त्याचे भाऊ, साठेक प्रसंग आहेत, मान दुखेपर्यंत बघितले.

जेवण आम्ही नेलं होतं, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, हिरवळीवर बसून खाल्लं, कोणी काही म्हणत नाही. चहा तिथल्या उपाहारगृहात घ्या, त्याला काचेचं छत आहे आणि चहा पिताना वर कळस दिसतो. मनोऱ्यावर ससाण्यांचं घरटं आहे, आमच्या डोक्यावरून एक गेला.

आता एक आग्रहाची विनंती. साडेपाच वाजता प्रार्थना असते, गाण्यातली, त्याला तिकीट नाही आणि कोणीही बसू शकतं. धर्म वगैरे कोणी विचारत नाही. आम्ही थांबलो. त्या दिवशी मुलींचा गायनसंघ होता. शेकडो वर्षं कॅथेड्रलमधे फक्त मुलगेच गायचे, आणि मुलींचा स्वतंत्र संघ इंग्लंडमधे पहिल्यांदा सुरू केला तो याच सॉल्सबरीने, १९९१ साली. आठ-दहा वर्षांच्या मुली, लांब झगे, आणि तो आवाज त्या उंच छतापर्यंत जाऊन सावकाश खाली यायचा. मला शब्द कळले नाहीत. काकड आरतीला पहाटे गाभाऱ्यात बसल्यावर जसं अंग हलकं होतं तसं झालं, एवढंच सांगता येईल.

सव्वासहाला बाहेर आलो, मे महिना, ऊन अजून होतं. इथून लोक परत बाजारातून स्टेशनला जातात, तसं करू नका. दक्षिणेकडच्या हार्नम गेटमधून बाहेर पडा, पाच मिनिटात जुना दगडी पूल येतो, १२४४ चा. या पुलाने एक गंमतच केली, शेजारी विल्टन नावाचं मोठं गाव होतं, व्यापारी रस्ता तिकडून जायचा, पूल झाल्यावर सगळी रहदारी सॉल्सबरीकडे वळली आणि विल्टन मागे पडलं. हायवेला बायपास झाल्यावर आपल्याकडच्या गावांचं जे होतं तेच.

पुलापलीकडे हार्नमच्या शांत रस्त्याने जुन्या गिरणीपाशी यायचं, पाण्यावर चालणारी गिरणी होती ती, आणि तिथून टाउन पाथ सुरू होतो. डांबरी पायवाट, गाड्या नाहीत, दोन्ही बाजूला कुरणं आणि उजव्या हाताला लांब कॅथेड्रल. जॉन कॉन्स्टेबल या चित्रकाराने १८३१ ला कुरणातून दिसणारं कॅथेड्रल काढलं, इंद्रधनुष्य असलेलं, ते याच बाजूचं. हिवाळ्यात कुरणांमधे पुराचं पाणी येतं तेव्हा मात्र चौकशी करून जा.

इथे हे थांबले आणि म्हणाले, "अगं, हा तर आपला फड."

आमचं मूळ गाव बागलाणात, मोसम खोऱ्यातलं. तिथे नदीवर बंधारा, त्याचा पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि पाळीपाळीने पाणी फिरवायला गावाने ठेवलेला पाटकरी, ही फड पद्धत पिढ्यान् पिढ्यांची. सॉल्सबरीच्या कुरणात मला नुसतं गवत दिसत होतं, ह्यांना उंचवटे दिसले, उंचवट्याच्या माथ्यावरून छोटी चारी आणि दोन उंचवट्यांच्या मधे निचऱ्याचा नाला. सतराव्या शतकापासून इथे असं करायचे, की ऐन थंडीत नदीचं पाणी या चाऱ्यांत सोडायचं, ते माथ्यावरून दोन्ही उतारांवर पातळ पसरायचं आणि नाल्यातून परत नदीला. पाणी चुनखडीतून आलेलं म्हणून थंडीतही त्यातल्या त्यात कोमट, त्यामुळे जमीन गोठत नाही आणि गवत इतरांच्या आधी येतं. पाणी साचू द्यायचं नाही, सतत वाहतं ठेवायचं, हे सगळं कसब. ते करणारा माणूस वेगळा असायचा, त्याला ड्राउनर म्हणायचे. म्हणजे त्यांचा पाटकरी. आणि त्या लवकर आलेल्या गवतावर दिवसा मेंढ्या चारायच्या आणि रात्री वरच्या शेतात नेऊन बसवायच्या, खतासाठी. आमच्याकडे धनगर मेंढरं शेतात बसवतात, त्यांना धान्य देतो आपण, अगदी तेच! सात हजार किलोमीटरवर, कोणी कोणाला न सांगता.

हार्नमची ही कुरणं तिथल्या एका ट्रस्टने सांभाळून ठेवलीत. आमच्याकडचे फड हळूहळू बंद पडतायत. ह्यांनी त्यावर काही बोलायचं टाळलं, कठड्याला हात टेकून पाणी बघत राहिले, मीही गप्प बसले.

टाउन पाथ संपला की क्वीन एलिझाबेथ गार्डन, नदीकाठी भरपूर बाक आहेत, मुलं पाण्यात खेळत होती. तिथून स्टेशन दहा मिनिटांवर. ओल्ड सारमला आम्ही गेलो नाही, चढ आहे, बसने पायथ्यापर्यंत जाता येतं. त्याची एक गोष्ट मात्र सांगते कारण ती आपल्याशी जोडलेली आहे. लोक खाली आल्यावर ती टेकडी ओस पडली तरी १८३२ पर्यंत तिथून पार्लमेंटमधे दोन खासदार जायचे, मतदार बोटावर मोजण्याइतके, आणि जमीन ज्याची त्याचेच खासदार. ती जमीन विकत घेतली थॉमस पिट यांनी, जे मद्रासचे गव्हर्नर होते आणि ज्यांनी गोवळकोंड्याकडच्या खाणीतला मोठा हिरा घेऊन युरोपात विकला, तो आज पॅरिसला आहे. त्यांचा नातू याच ओस टेकडीचा खासदार म्हणून पार्लमेंटमधे गेला आणि पुढे पंतप्रधान झाला. अलीकडचं म्हणाल तर २०१८ ला एका माजी रशियन हेरावर झालेल्या विषप्रयोगाच्या बातम्यांमुळे सॉल्सबरीचं नाव जगभर झालं, त्यात पुढे एका निष्पाप बाईचा जीवही गेला, पण गाव त्यातून सावरलेलं दिसलं, बाजार गजबजलेला होता.

संपादक महोदय, स्टोनहेंज बघू नका असं माझं म्हणणं नाही, जरूर बघा. पण ते सॉल्सबरीहून चौदाएक किलोमीटरवर आहे, सकाळी करून दुपारी गावात येता येतं, किंवा दुसऱ्या दिवशी. आणि पुरवणीत अशा लेखांबरोबर एवढं छापत जा की चालायचं अंतर किती, चढ आहे का, बसायला बाक कुठे, टॉयलेट कुठे. हॉटेलचे दर छापता तसंच हे पण. आमच्यासारख्यांचं जायचं की नाही हे त्या चार ओळींवर ठरतं.

ऑक्टोबरमधे आम्ही परत जातोय. खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगाही त्याच बाजूला असतो, त्या काठी घेऊन चालतात, त्यांना सॉल्सबरीला न्यायचं ठरलंय. त्यांच्यासाठी हा सगळा रस्ता मी फुलस्केप कागदावर मोठ्या अक्षरात काढलाय, बाकांच्या जागी फुल्या केल्यात. त्याची झेरॉक्स या पत्राला जोडली आहे, कोणी वाचकाने मागितली तर द्यावी ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक, नाशिक